निर्धूर गाडी आणि निर्मळ हात

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने विजेवर चालणारी मोटार घेतली. आपल्या ख्रिस्ती घरांतील प्रथेप्रमाणे गाडी दारात आल्यावर समर्पणाची प्रार्थना झाली आणि घरातील वडीलधारा म्हणून ती करण्याचे काम माझ्याकडे आले. प्रार्थनेपूर्वी पुतण्या म्हणाला, "काका, ही गाडी निर्धूर आहे. देवाच्या सृष्टीला हिच्यापासून काहीच इजा नाही, हे प्रार्थनेत अवश्य येऊ द्या." मी प्रवासात रक्षण मागितले, गाडी इतरांच्या उपयोगी पडो असेही मागितले, परंतु ते एक वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही. 'आमेन' झाल्यावर त्याने हसत विचारले, "काका, ते राहिलेच की!" मीही हसलो, पण उत्तर दिले नाही. ते उत्तर आज येथे देण्याचा प्रयत्न करीत आहे.

आरंभीच सांगितले पाहिजे की, पुतण्याच्या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. आपल्या शहरांतील मुले जो धूर श्वासावाटे घेतात, तो बव्हंशी वाहनांचा व कारखान्यांचा असतो. ज्या रस्त्यावरून विजेची गाडी जाते, त्या रस्त्यावर ती धूर सोडत नाही, हे साधेसुधे सत्य आहे. पेट्रोलचे हात तर कधीच स्वच्छ नव्हते. नायजेरियातील नायजर नदीच्या मुखाजवळील प्रदेश खनिज तेलाने कसा नासला, आणि त्याविरुद्ध आवाज उठवणारे लेखक केन सारो-विवा यांना १९९५ साली कसे फासावर चढवले गेले, हे जगाला ठाऊक आहे. तेव्हा विजेच्या गाडीचे दोष दाखवून पेट्रोलच्या गाडीला नीतिमान ठरवावे, असा माझा हेतू नाही. स्वच्छ वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात गाडीच्या निर्मितीपासून शेवटापर्यंतचा हिशेब मांडला आहे. त्यानुसार भारतातील मध्यम आकाराच्या विजेच्या मोटारीमुळे होणारे उष्णताकारक वायूंचे उत्सर्जन पेट्रोलच्या मोटारीपेक्षा १९ ते ३४ टक्क्यांनी कमी असते. ही घट स्वागतार्ह आहे.

परंतु ३४ टक्के कमी म्हणजे शून्य नव्हे. युरोपात हीच घट ६६ ते ६९ टक्के आहे, असे तोच अहवाल सांगतो. मग आपल्याकडे ती इतकी थोडी का? कारण आपली सुमारे सत्तर टक्के वीज आजही कोळशातून निर्माण होते.

भाषांतराच्या कामानिमित्त छत्तीसगडमधील कोरबा जिल्ह्यातील गावांत माझे जाणे-येणे झाले आहे. तेथील गेवरा ही कोळशाची खाण जगातील सर्वांत मोठ्या खाणींपैकी एक आहे. खाणींच्या आसपास औष्णिक वीजकेंद्रे उभी आहेत आणि त्यांच्या राखेचे विस्तीर्ण तलाव पसरले आहेत. उन्हाळ्यात वारा सुटला की ती करडी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या हंड्यांवर आणि जेवणाच्या ताटांवर येऊन बसते. कोरब्याला निर्माण होणाऱ्या विजेतील वाटा तारांवाटे महाराष्ट्र, गुजरात व गोवा या राज्यांनाही मिळतो. म्हणजे धूर नाहीसा झालेला नाही. त्याने केवळ आपला पत्ता बदलला आहे. ज्यांच्या दारात तो गेला आहे, त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या दारात मोटार उभी आहे.

ही झाली विजेची गोष्ट. बॅटरीची गोष्ट याहून दूरची आहे. अनेक बॅटऱ्यांमध्ये कोबाल्ट हा धातू असतो आणि जगात खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो. त्यातील बहुतांश मोठ्या यांत्रिक खाणींतून निघतो, हे खरे. परंतु कोल्वेझी शहराच्या परिसरात हजारो माणसे फावडी व पहारी घेऊन, कोणत्याही आधाराविना खणलेल्या विवरांत उतरतात. जून २०१९ मध्ये तेथील एका खाणीत दरड कोसळून चाळीसहून अधिक माणसे गाडली गेली. दक्षिण काँगोतील खाणींवर सुमारे ४०,००० मुले राबत असावीत, असा युनिसेफचा २०१४ सालचा अंदाज होता. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात दिवसाला एक-दोन डॉलरसाठी बारा-बारा तास दगड वेचणाऱ्या, धुणाऱ्या व वाहणाऱ्या मुलांच्या साक्षी नोंदल्या आहेत. हाताने खणलेले हे खनिज व्यापाऱ्यांच्या हातून पुढे जाते, इतर खनिजात मिसळते, आणि मग कोणता कण कोणाच्या हातचा हे सांगणे कठीण होऊन बसते.

येथे मी केवळ मोटारवाल्यांकडे बोट दाखवू शकत नाही. ज्या लॅपटॉपवर मी पवित्र शास्त्राचे भाषांतर करतो, तसल्या यंत्रांच्या बॅटरीतही सामान्यतः कोबाल्ट असतोच. मोटारीची बॅटरी शेकडो पटींनी मोठी, एवढाच भेद. न्यायाविषयीची संदेष्ट्यांची वचने मी ज्या यंत्रावर उतरवतो, त्याच्या पोटात काय आहे, हा प्रश्न मी स्वतःला कितीतरी वर्षे विचारलाच नव्हता.

यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मार्च २०२२ मध्ये वेल्लोर येथे घरी चार्जिंगला लावलेल्या विजेच्या स्कूटरने पेट घेतला आणि धुराने गुदमरून एक पिता व त्याची मुलगी मरण पावली. त्या सुमारास अशा आगीच्या आणखी बातम्या आल्या. देश हळहळला, सरकारने चौकशी केली आणि बॅटरीच्या सुरक्षेचे नियम डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने कडक झाले. हे योग्यच झाले. परंतु काँगोतील मुलांचा अहवाल त्याच्या सहा वर्षे आधी जगासमोर आला होता. जवळची आग काही महिन्यांत कायदा बदलते. दूरची दरड मात्र बातमी होऊन विरून जाते. गाडी घेताना आपणही विचारतो, "ही पेट घेणार नाही ना?" हा प्रश्न रास्त आहे; पण तो स्वतःविषयीचा आहे. "हिच्यासाठी कोणी गाडले गेले नाही ना?" असे विचारणारा ग्राहक विरळा.

तेव्हा खरा नैतिक प्रश्न गाडीचा नसून अंतराचा आहे. जे नुकसान माझ्या दृष्टीआड घडते, जे मी स्वतः केले नाही, आणि जे माझ्यापर्यंत पोहोचेपर्यंत दहा हातांतून गेलेले असते, त्याचा मी काही देणेकरी लागतो काय?

या प्रश्नाला पवित्र शास्त्रात एक विलक्षण उत्तर आहे. अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायाच्या आरंभी एक विधी सांगितला आहे. रानात कोणाचे तरी प्रेत पडलेले आढळले आणि मारणारा कोण हे कळले नाही, तर वडीलजनांनी व न्यायाधीशांनी बाहेर यावे आणि त्या प्रेतापासून भोवतालच्या नगरांपर्यंतचे अंतर मोजावे. जे नगर सर्वांत जवळ ठरेल, त्याच्या वडीलजनांनी एक कालवड घेऊन वाहत्या पाण्याच्या खोऱ्यात जावे, तेथे तिची मान मोडावी, तिच्यावर आपले हात धुवावे, हे रक्त आम्ही पाडलेले नाही असे सांगावे आणि निर्दोष रक्ताचा दोष प्रजेवर राहू नये म्हणून देवाजवळ क्षमा मागावी.

हे वडीलजन खुनी नव्हते, आणि कोणी त्यांच्यावर तसा आरोपही केलेला नव्हता. तरीही त्यांना घरी बसून 'आमचा काय संबंध?' असे म्हणण्याची मुभा नव्हती. त्यांना रानात जाऊन अंतर मोजायचे होते. यहुदी धर्मशास्त्र्यांनीही नेमका हाच प्रश्न विचारला: वडीलजन खुनी असतील असे कोणाच्या मनात तरी येईल काय? मिश्नाच्या 'सोटा' या प्रकरणात त्याचे उत्तर आहे. त्यांच्या कबुलीचा अर्थ असा की, तो मनुष्य आमच्याकडे आला असता आम्ही त्याला उपाशी परत पाठवले नाही, आणि त्याला पाहूनही सोबतीवाचून एकटे जाऊ दिले नाही. म्हणजे हात निर्मळ असण्यासाठी सुरी हाती न धरणे एवढे पुरेसे नाही. पाठ न फिरवणेही आवश्यक आहे.

भाषांतरकार म्हणून एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. इब्री भाषेत विधिदृष्ट्या शुद्ध असलेल्या वस्तूसाठी 'ताहोर' हा शब्द येतो. परंतु चोविसाव्या स्तोत्रात, परमेश्वराच्या डोंगरावर कोण चढेल असे विचारून ज्या हातांचे वर्णन केले आहे, तेथे शब्द आहे 'नाकी'. मराठीत आपण तो 'स्वच्छ' किंवा 'निर्मळ' असा वाचतो, आणि आपल्या डोळ्यांपुढे साबणाने धुतलेले हात येतात. मुळात मात्र 'नाकी' म्हणजे दोषमुक्त, ज्याच्याकडे कोणाचे देणे निघत नाही असा. अनुवादाच्या त्या विधीत जे 'निर्दोष रक्त' म्हटले आहे, तेथेही हाच शब्द आहे. त्या भाषेत हातांची निर्मळता आणि सांडलेल्या रक्ताची निर्दोषता एकाच शब्दात बांधलेली आहे. निर्दोषाच्या रक्ताची विचारपूस ज्याने केली नाही, त्याच्या हातांना तो शब्द सहज लावता येत नाही. जाहिरातीतील 'स्वच्छ' हा शब्द धुराविषयी बोलतो. स्तोत्रातील शब्द माणसांविषयी बोलतो. माझी जीभ पुतण्याच्या दारात अडखळली ती येथेच.

जगाच्या न्यायालयात या प्रश्नाचा निराळा निकाल लागला आहे. काँगोच्या खाणींत मृत्युमुखी पडलेल्या व जायबंदी झालेल्या मुलांच्या वतीने २०१९ साली पाच बड्या अमेरिकन कंपन्यांवर वॉशिंग्टन येथे दावा करण्यात आला. त्यांत विजेच्या मोटारी बनवणारी एक कंपनीही होती. दावा फेटाळला गेला आणि मार्च २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. जागतिक पुरवठा साखळीतून माल विकत घेणे म्हणजे त्या धंद्यातील भागीदारी नव्हे, असे न्यायालयाचे मत पडले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. कायद्याला कोठेतरी रेषा आखावीच लागते. परंतु कायद्याने निर्दोष ठरणे आणि स्तोत्राच्या अर्थाने निर्मळ असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. पिलातानेही लोकसमुदायापुढे हात धुतले होते. वडीलजनांनीही हात धुतले आणि पिलातानेही धुतले. पाणी तेच, परंतु वडीलजन प्रेतापर्यंत चालत गेले होते, तर पिलाताने समोर उभ्या असलेल्या निर्दोष मनुष्याकडे पाठ फिरवली होती.

मग विजेची गाडी घेऊ नये काय? असे मी म्हणणार नाही. खरेदीदाराने हात आखडता घेतल्याने कोल्वेझीच्या मुलाच्या ताटात भाकरी पडत नाही, आणि जुन्या धुराने आपल्या शहरातील मुलाची छातीही बरी होत नाही. पण वडीलजनांप्रमाणे अंतर मोजणे आपल्याला शक्य आहे. आज हे अंतर कोसांत मोजून चालणार नाही. ज्याच्या दारात त्या खनिजाचा प्रवास संपतो, तोच त्या विवराच्या सर्वांत जवळचा.

अंतर मोजणे म्हणजे प्रत्यक्षात काय? गाडी घेताना बॅटरी कोणत्या प्रकारची हे विचारावे. लोह व फॉस्फेट यांच्या बॅटरीत कोबाल्ट व निकेल नसते आणि भारतातील अनेक मोटारींत आता तीच असते. तीतही लिथियम असतेच, तेव्हा तीही निष्पाप नव्हे. परंतु एक प्रश्न तिने निश्चित कमी केला आहे. गरजेपेक्षा मोठी गाडी घेऊ नये, कारण मोठ्या गाडीला बॅटरीही मोठी लागते. जुनी गाडी नीट चालत असता केवळ नव्याच्या हौसेने ती बदलू नये. जेथे बस व रेल्वे आहे तेथे तिने जावे. दहा माणसांनी वाटून घेतलेले ओझे दहांच्या खांद्यांवर हलके होते. बॅटरी निकामी झाल्यावर ती भंगारवाल्याला देऊ नये. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, ती त्याला पार पाडू द्यावी. आपल्या गल्लीतील ई-रिक्षांत अजूनही पुष्कळदा शिशाच्या बॅटऱ्या असतात. त्या उघड्यावर फोडून वितळवल्या, तर ते शिसे आजूबाजूच्या मुलांच्या रक्तात जाते. तेथील अंतर तर पावलांत मोजता येण्याजोगे आहे. आणि कोरब्याची राख ज्यांच्या ताटात पडते, त्यांच्यासाठी आपल्या मंडळ्यांनी आवाज उठवावा. आपण त्यांची वीज वापरतो.

एवढे करूनही हात पूर्णपणे 'नाकी' होणार नाहीत. या पतित जगात असे वाहन नाही, असे वस्त्र नाही, असे अन्नही नाही, की ज्याच्या मागे कोणाचाच घाम किंवा अश्रू नाही. म्हणूनच त्या विधीचा शेवट वडीलजनांच्या निर्दोषतेच्या घोषणेने होत नाही, क्षमेच्या याचनेने होतो. आपल्याला ती याचना ज्याच्या नावाने करता येते, त्याने स्वतः नगराबाहेर मरण सोसले. त्याची क्षमा घेणाऱ्याने नगराबाहेर पडलेल्यांकडे पाहावयाचे नाही, असे कसे चालेल?

पुतण्याला मी अलीकडेच हे सारे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, मग गाडीसाठी पुन्हा प्रार्थना करा." आम्ही दोघांनी गाडीजवळ उभे राहून ती केली. गाडीबद्दल देवाचे आभार मानले. जिच्या राखेतून ही वीज आली त्या भूमीसाठी, आणि ज्यांची नावे आम्हांला कधीच कळणार नाहीत त्या खणणाऱ्यांसाठी विनंती केली. आणि आम्ही न पाहिलेल्या दोषांची क्षमा मागितली. निर्धूर हा शब्द यावेळीही प्रार्थनेत आला नाही, आणि यावेळी पुतण्याने तो मागितलाही नाही.

प्रभू आपणां सर्वांस अंतर मोजण्याचे धैर्य देवो.