दुसऱ्याच्या नावाची सही

फरीदाबाद येथे २४ ऑगस्ट २०२२ रोजी अमृता रुग्णालयाचे उद्घाटन झाले. योजना २,६०० खाटांची. अशा मोठ्या रुग्णालयातून आईला वा वडिलांना घरी आणले की आपण देवाचे उपकार मानतो आणि आपली सेवा संपली असे समजतो. वास्तविक अवघड सेवा त्यानंतरची. पथ्यपाणी त्या मानाने सोपे. पासबुक, निवृत्तिवेतन, गावाकडच्या घराचे कागद हाती आले म्हणजे प्रश्न उभा राहतो : हा व्यवहार पाहताना आपण आजाऱ्याची इच्छा पार पाडतो की आपली?

हात थरथरतो म्हणून सही जमत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आजारी खातेदाराच्या हाताच्या, नाहीतर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. त्यास दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात. पैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी. ठसाही अशक्य असल्यास नुसती खूण पुरते. मनुष्याच्या इच्छेचा शोध नियम पायाच्या अंगठ्यापर्यंत घेतो! आपण मात्र "तिला कशाला त्रास?" म्हणून आईची सही स्वतःच गिरवितो. आपण त्याला प्रेम म्हणतो. कायदा निराळे नाव देतो.

कुलमुखत्यारपत्र केले की निश्चिंत झालो, असे पुष्कळांना वाटते. परंतु १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, पत्र देणाऱ्याची बुद्धी विकल झाली की सामान्यतः मुखत्यारी संपते. नेमकी गरज पडते तेव्हाच. मग न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. कोमातील रुग्णांसाठी कायद्यात तशी तरतूद नसल्यामुळे केरळ उच्च न्यायालयाला २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून द्यावी लागली. म्हणून जे विचारायचे ते आजारी मनुष्य शुद्धीवर असतानाच विचारावे.

बार्तीमय आंधळा होता. त्याला काय हवे हे अवघ्या यरीहोला दिसत होते, तरी प्रभूने त्याला विचारलेच.

भाषांतर करताना 'काळजी' हा शब्द मला नेहमी अडवितो. शोमरोन्याने जखमी मनुष्याची घेतली तीही काळजी, आणि डोंगरावरील प्रवचनात जी करू नये म्हटले तीही काळजी. ग्रीकमध्ये हे दोन शब्द वेगळे आहेत. आपल्या घरांत मात्र पहिली कधी दुसरी होते ते कळत नाही, आणि घाबरलेले हात पासबुक ओढून घेतात.

शोमरोन्याने उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार दिले व परत येऊन अधिक खर्चाची फेड करण्याचे वचन दिले. आपणही खर्चाची वही ठेवावी आणि ती भावंडांपूर्वी आजाऱ्याला वाचून दाखवावी. वाचता वाचता त्याला झोप लागली, तर उरलेले पान उद्या वाचावे.