आठवड्याचें टांचण

दर रविवारीं सकाळीं एक लहानशी वही काढून बसण्याचा आमचा कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. तींत तीन रकाने असतात. पहिल्यांत जगांतील ठळक घडामोडी, दुसऱ्यांत आपल्या परिसराच्या सुरक्षिततेसंबंधीं कांहीं नोंदी, आणि तिसऱ्यांत आठवड्याचें वाचन व चिंतन, म्हणजे स्वाध्याय. एका स्नेह्यांनीं ही वही चाळून आम्हांस विचारलें, "डहाणूस बसून तुम्ही दूरदेशच्या लढायांची नोंद ठेवतां, यानें त्या लढाया थांबणार आहेत काय? आणि थांबणार नसतील, तर या उद्योगास कर्तव्य म्हणावें कीं करमणूक?" प्रश्न थट्टेचा होता, परंतु आमच्या मनांतून तो गेला नाहीं. जाणणें हेंच एक पुण्य आहे, असा आम्हां सुशिक्षितांचा समज असतो. तो कितपत खरा, हें तपासण्यास दूर जावयास नको. डहाणू-तलासरीचा इतिहास त्यास पुरेसा आहे.

१९४५ सालीं या भागांतील वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. शामराव व गोदावरी परुळेकर हीं त्यांचीं पुढारी. गोदूताईंवर त्या लोकांची निष्ठा अशी, कीं त्यांच्या नांवानें आलेला निरोप कोणी मोडीत नसे. त्या वर्षीं ऑक्टोबरांत तलवाडें येथें त्यांच्याच नांवानें खोटी वर्दी पसरविण्यांत आली. हजारों वारली रानावनांतून चालत आले. जमलेल्या त्या समुदायावर पोलिसांनीं गोळीबार केला, आणि जेठ्या गांगड व त्याचे सोबती प्राणांस मुकले. ज्यांनीं ती वर्दी उठविली, त्यांनीं या लोकांच्या अज्ञानाचा जितका, तितकाच त्यांच्या निष्ठेचा उपयोग करून घेतला. निरोप खरा कीं खोटा हें पाहण्याचें कोणतेंहि साधन त्यांच्या हातीं नव्हतें. म्हणून त्यांस दोष देणें अन्यायाचें होईल.

पाऊणशें वर्षांनीं साधन आलें. ज्याच्या त्याच्या हातीं दूरध्वनियंत्र आलें, आणि क्षणांत जगाची बातमी पाड्यापाड्यावर पोहोंचूं लागली. तरी काय घडलें? १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं, टाळेबंदीच्या दिवसांत, डहाणू तालुक्यांतील गडचिंचले येथें दोन साधु व त्यांचा वाहनचालक जमावाच्या हातून मारले गेले. ते अंत्यविधीसाठीं सुरतेकडे निघाले होते. मुलें पळविणारे व चोर हिंडत आहेत, अशी अफवा त्या टापूंत कित्येक दिवस फिरत होती. गांवकरी रात्रीं पहारा देत होते तो आपल्या लेंकरांच्या रक्षणासाठीं. आणि त्या रक्षणाच्या बुद्धींतूनच तीन निरपराध जीवांची हत्या झाली. बातमीचें साधन वाढलें, तिची परीक्षा वाढली नाहीं.

येथवर वाचून वाचक म्हणतील, हा सारा अशिक्षितपणाचा परिणाम होय. असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस तरी नाहीं. पाड्यावरच्या अफवेनें तीन बळी घेतल्यावर शहरांत दुसरी अफवा निघाली. मारेकरी अमुक एका धर्माचे होते, असें भल्याभल्या घरांतून सांगितलें जाऊं लागलें. आमच्याहि वहींत त्या आठवड्यांत तसें एक वाक्य उतरलें. इतकेंच नव्हे, तर दोघां परिचितांस आम्हीं तें मोठ्या खात्रीनें ऐकविलें. थोड्याच दिवसांत राज्याच्या गृहमंत्र्यांनीं अटक झालेल्या १०१ जणांचीं नांवें प्रसिद्ध केलीं, व त्यांत त्या धर्माचा एकहि मनुष्य नसल्याचें सांगितलें. वहींतील वाक्य आम्हीं खोडलें. दोघांपैकीं एकास खुलासाहि केला. दुसऱ्यास सांगावयाचें आळसानें राहून गेलें. पुढें सांगितलें तेव्हां तो समज त्यांच्या मनांत पक्का मुरला होता. आमचा खुलासा त्यांस पटेना, आणि आजहि पटत नाहीं. शाई खोडतां येते, बोललेलें वाक्य खोडतां येत नाहीं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. संकट आठवडाभर थांबत नाहीं. "चोर आले" अशी आरोळी उठल्यावर वही उघडून बसण्यास सवड कोणास असते? आक्षेप खरा, परंतु त्याचें उत्तर याच भूमीनें दिलें आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरांत भूकंपाचे धक्के जाणवूं लागले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. लोकांनीं कडाक्याच्या थंडींत घराबाहेर रात्री काढल्या. भूकंपाचा दिवस व वेळ आधीं सांगणें आजच्या शास्त्रास शक्य नाहीं. ज्यानें ही गोष्ट स्वस्थ चित्तानें समजून घेतली आहे, त्यास "आज रात्रीं मोठा धक्का बसणार" असा निरोप कोणी आणला तरी तो खोटा आहे, हें तत्क्षणीं कळतें. आणि भिंत पक्की करण्याचें खरें काम त्यास सुचतें. भीतीच्या रात्रीं विचार सुचत नाहीं; आधीं करून ठेवलेला विचार तेवढा आठवतो. म्हणून स्वाध्याय व सुरक्षितता हे दोन रकाने आम्हांस आतां वेगळे वाटत नाहींत.

मग दूरदेशच्या लढायांचें काय? त्या आमच्या नोंदीनें थांबणार नाहींत, हें कबूल आहे. परंतु दूरच्या बातमींत आपला राग-लोभ कमी गुंतलेला असतो. ती कोठून आली, तींत कोणाचा लाभ आहे, ती खोटी असल्यास तें कशावरून कळेल, हे प्रश्न विचारण्याची संवय तेथें सोपेपणानें लागते. ती लागली, तर उद्यां आपल्या वेशीवरच्या बातमीस तेच प्रश्न विचारण्याचें धैर्य कदाचित् येईल. न लागली, तर तो पहिला रकाना निव्वळ करमणूकच होय. स्नेह्यांचा टोमणा मग आम्हीं निमूटपणें सोसला पाहिजे.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लींत सत्य, तप, अतिथिसेवा अशा प्रत्येक कर्तव्याबरोबर स्वाध्याय व प्रवचन यांची जोड दिली आहे. स्वतः अभ्यासणें आणि दुसऱ्यास सांगणें हीं तेथें एकत्र येतात. तीं एकमेकांपासून तोडलीं कीं अफवा जन्मास येते, असें आम्हांस वाटतें. ऐकण्यानें मनुष्य बांधला जात नाहीं, परंतु बातमी पुढें सांगतांच तो तिचा जामीन होतो. आणि ती खोटी ठरल्यास कर्ज त्यानेंच फेडावयाचें असतें.

तेव्हांपासून तिसऱ्या रकान्यांत पुस्तकांच्या नांवांआधीं आम्ही एक ओळ लिहितों : गेल्या आठवड्यांत आपण खरें मानलेलें काय खोटें ठरलें, आणि तें कोणाकोणास सांगून झालें आहे. ती ओळ रिकामी राहिली, तर आपण चुकलों नाहीं असें नव्हे, आपण तपासलें नाहीं, असें समजतों. त्या दुसऱ्या गृहस्थांचें नांव तेथें अद्याप आहे. अधूनमधून त्यांच्या घरीं जाऊन तो विषय पुन्हां काढावा लागतो.