चाकाचा आवाज आणि ऐकणारे कान



बैलगाडीचें चाक कुरकुरूं लागलें कीं जाणता गाडीवान बैलांना दोष देत नाहीं. तो गाडी उभी करितो, आंख पाहतो आणि वंगण घालितो. हें शहाणपण आपल्या वाडवडिलांपाशीं होतें. आतां आपल्या गांवांतून मोटारी धांवत आहेत. १९८३ सालीं मारुती ८०० ही मोटार भारतांत निघाली, आणि तेव्हांपासून पुढल्या चाकांच्या ओढीनें चालणाऱ्या लहान गाड्या वाढत गेल्या. अशा गाडीच्या पुढल्या दोन चाकांवर तिहेरी काम असतें: गाडी ओढणें, तिला वळविणें, आणि ब्रेक लावतांना बहुतेक भार सोसणें. ह्यास्तव त्या चाकांतून अनोळखी आवाज आला असतां त्याची हेळसांड करणें म्हणजे आंत बसलेल्यांच्या जिवाची हेळसांड करणें होय. ह्याविषयीं तीन गोष्टी आम्ही आपणांपुढें मांडितों.

पहिली गोष्ट ही कीं, आवाज ऐकून घेतला पाहिजे. हें सोपें वाटतें, पण तसें नाहीं. गाडीचा धनी म्हणतो, ‘रस्ताच खराब आहे.’ भाड्यानें गाडी चालविणारा म्हणतो, ‘हंगाम संपूं द्या, मग पाहूं.’ कोणी कांच वर करितो, कोणी गाणीं मोठ्यानें लावितो. आवाज झांकला जातो, पण बिघाड वाढतच राहतो. ह्या सर्वांच्या मुळाशीं खर्चाचें भय असतें. परंतु त्याच गाडींतून उद्यां मध्यरात्रीं एखादी अडलेली बहीण तालुक्याच्या दवाखान्यांत न्यावी लागेल, ह्याचा विचार कोण करितो? नाथान संदेष्टा दावीद राजापुढें उभा राहिला, तेव्हां त्याला गप्प बसविण्याची सत्ता राजाच्या हातीं होती. तरी राजानें ऐकून घेतलें व आपला दोष पदरीं घेतला. इशारा देणाऱ्याचें तोंड बंद करणें सोपें आहे, पण बचाव होतो तो ऐकण्यानें.

दुसरी गोष्ट ही कीं, आवाजाला नीट प्रश्न विचारले पाहिजेत. वैद्य रोग्याला ‘कोठें दुखतें’ एवढेंच विचारीत नाहीं, ‘केव्हां दुखतें’ हेंही विचारतो. चाकाविषयीं दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. गाडी जागेवर उभी असतां इंजिनाचा वेग वाढवून पाहावा. तोच आवाज आला, तर दोष बहुधा चाकांत नाहीं.

वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर असेल, तर बेअरिंगचा संशय घ्यावा. पोलादी गोळ्यांवर आंख फिरविण्याची ही युक्ति जुनी आहे. वेल्समधील कारमार्थन येथील फिलिप व्हॉन ह्यानें गाडीच्या आंखासाठीं तिचें पेटंट १७९४ सालीं घेतलें. गोळे किंवा त्यांची वाट झिजली कीं घरघर सुरू होते. गाडी डावीकडे वळतांना भार उजव्या चाकावर जातो. म्हणून डाव्या वळणावर घरघर वाढली, तर दोष बहुधा उजव्या चाकांत असतो, आणि उजव्या वळणावर वाढली तर डाव्यांत. परंतु उंचसखल झिजलेला टायरही असाच घुमतो. रस्ता बदलतांच आवाजाचा सूर बदलत असेल, तर पुढले टायर मागें व मागले पुढें लावून पाहावे. आवाज मागें गेला, तर बेअरिंग निर्दोष आहे.

स्टेअरिंग पुरतें वळवून गाडी पुढें नेतांना ‘टक् टक्’ असा आवाज आला, तर चाकाला ओढ देणाऱ्या शाफ्टचा बाहेरचा सांधा पाहावा. त्यावरचा रबरी बूट फाटला कीं ग्रीस बाहेर उडतें, आंत धूळपाणी जातें आणि सांधा खाल्ला जातो. खड्ड्यांतून जातांना ‘खडक्’ असा ठोका आला, तर बॉल जॉइंट, बुश किंवा शॉकअॅबसॉर्बरची वरची बैठक ढिली झाली असेल. बारीक किंचाळी ऐकूं आली, तर ब्रेक पॅड पाहावे. कित्येक पॅडांना पत्र्याची एक जीभ मुद्दाम लाविलेली असते, ती पॅड संपत आल्यावर डिस्कला घासून ओरडते. त्या ओरडण्यानंतरही जो थांबत नाहीं, त्याला पुढें लोखंडावर लोखंड घासल्याची खरखर ऐकावी लागते. कधीं कधीं मात्र सारा गोंगाट टायरच्या खांचेंत अडकलेल्या एका खड्याचा असतो.

तिसरी गोष्ट ही कीं, हात लावून खात्री केल्यावांचून निवाडा करूं नये. गाडी सपाट जागीं उभी करावी, हँडब्रेक ओढावा, मागल्या चाकांना दगडांची उटी द्यावी, आणि गिअर मोकळा ठेवावा. मग जॅकनें पुढलें चाक उचलावें. पण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखालीं कोणीही शिरूं नये. चाक वरून व खालून धरून हालवावें. तें डुगडुगलें, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट सैल आहे. दोन्ही बाजूंनीं आडवें धरून हालविल्यावर डुगडुगलें, तर स्टेअरिंगचे सांधेही पाहावे. चाक हातानें फिरवितांना आंत वाळू असल्यासारखें वाटलें, तर बेअरिंग गेलें असें समजावें. चाकाचे नट ढिले नाहींत ना, हें तर सर्वांआधीं पाहावें, आणि ते समोरासमोर असे आळीपाळीनें आवळावे.

नट ढिले असतील, चाक डुगडुगत असेल, ब्रेकमधून खरखर येत असेल किंवा चाक तापून जळका वास येत असेल, तर एक मैलही पुढें जाऊं नका. मिस्त्रीला बोलवा. तो अंदाजानेंच नवा भाग घालूं म्हणाला, तर आदरानें विचारा, ‘दादा, हाच भाग बिघडला हें कशावरून?’ चांगल्या मिस्त्रीला ह्या प्रश्नाचा राग येत नाहीं. न तपासतां भाग बदलला, तर पैसा जातो, आवाज राहतो, आणि पुढल्या वेळीं खऱ्या इशाऱ्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाहीं.

उपदेशक बंधूंनो, मंडळींत कुरकुर ऐकूं आली म्हणजे आपणही पुष्कळदां असेंच करितों. कुरकुर केव्हां सुरू झाली, कोणत्या वळणावर वाढली, कोणाच्या खांद्यावर भार पडला, हें न विचारतां आपण एका माणसाचें नांव घेऊन मोकळे होतों. त्याला दूर सारतों, आणि कुरकुर तशीच राहते. चाकाला जेवढा न्याय आपण देतों, तेवढा तरी भावाला देऊं या.

म्हणून उद्यां सकाळीं गाडी बाहेर काढण्याआधीं क्षणभर थांबा. चारही चाकांचे नट पाहा, कांच खालीं करा, आणि पहिला फर्लांगभर रस्ता कांहीं न बोलतां चला. देवानें कान दिले आहेत, ते शेजाऱ्याच्या जिवाची राखण करण्यासाठींही आहेत.