निधान

मनाच्या आजारावर गोळी घेणारा मी खरा, की ती सोडलेला? दोन वर्षांनी हा प्रश्न इतका टोचू लागला, की कुणालाही न विचारता पॅरॉक्सेटिन एकदम बंद केलं. तिसऱ्या दिवशी चक्कर, डोक्यात विजेचे झटके, रात्रभर भलतीसलती स्वप्नं. घरचे म्हणाले, दुखणं उलटलं. मला वाटलं, आपलं मनच दुबळं.

आमच्या कानडी डॉक्टरांनी दोन्ही खोडून काढलं. हे औषध शरीरातून लवकर उतरतं. फ्लुओक्सेटिनसारखं आठवडे रेंगाळत नाही. सवयीचा आधार एकाएकी गेला, की मेंदू गडबडतो. ते व्यसन नव्हे. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि म्हणाले, "निधान." म्हणजे सावकाश. मग महिनोन्‌महिने मात्रा उतरत गेली. शेवटची कपात तर अगदी बारीक. कारण लहानशा मात्रेचाही मेंदूवर बराच अंमल असतो.

एकदम सोडण्यात मला बाणा दिसला होता. खरं तर ती गोळीची लाज होती. रक्तदाबाच्या गोळीने माणूस खोटा ठरत नाही, मग हिनेच का ठरावा? ज्यांना ती पुढेही लागते, तेही तितकेच खरे.

मराठीत निधान म्हणजे ठेवा. बेळगावात राहून दोन्ही अर्थ पदरात पडले.