कोणत्या पॅटर्नचं पुस्तक?

नेवाशात शके १२१२ मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी पुढे हातोहात उतरवली गेली आणि उतरवता उतरवता बिघडत गेली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ती शुद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावूनही ठेवले. काम अवघड होते, पण मूळ पाठाकडे मागे जायचे हे ठरलेले होते.

नेवाशाच्याच जिल्ह्यात लोणी, संगमनेर, कोपरगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले ऑपरेटिंग सिस्टिमचे अंतरंग शिकतात, तेव्हा त्यांच्या पोथीची अडचण नेमकी उलटी असते. लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. पाठ जिथल्या तिथे राहतो आणि मूळच पुढे निघून जाते.

कर्नलमध्ये पहिले पाऊल टाकणारा विद्यार्थी बहुधा एक छोटे मॉड्यूल लिहितो. 'प्रॉक'खाली एक फाइल तयार करायची, ती वाचली की दोन शब्द दाखवायचे, एवढेच. जुन्या मार्गदर्शिकांत हे 'क्रिएट प्रॉक एन्ट्री' या फंक्शनने केलेले असते. ते फंक्शन २०१३ साली ३.१० या आवृत्तीत काढून टाकले गेले. मग जे वापरायचे, त्याला द्यायची रचनाही २०२० मध्ये ५.६ पासून बदलली. कम्पायलर चुकांची रांग लावतो. मुरलेला प्रोग्रामर एका नजरेत ओळखतो, की हे जुने आहे. नवख्याला वाटते, आपल्यालाच जमत नाही. शिळ्या कागदाची किंमत अशी नेमकी त्याच्याकडून वसूल होते, ज्याला तक्रार करायचा धीर नसतो.

तरी कम्पायलर निदान ओरडतो. प्रोसेसर कोणाला कधी द्यायचा हे ठरवणाऱ्या शेड्युलरबद्दलचे चुकीचे वाक्य मुकाट परीक्षेपर्यंत पोचते. २००७ मध्ये २.६.२३ या आवृत्तीत जुना शेड्युलर जाऊन 'सीएफएस' आला; २०२३ मध्ये ६.६ पासून त्याचीही जागा 'ईईव्हीडीएफ'ने घेतली. 'लिनक्स सीएफएस वापरतो' या वाक्यात खोटे काय आहे? फक्त वर्तमानकाळ.

यावर प्राध्यापक म्हणतील, राउंड रॉबिन, बँकर्स अल्गोरिदम, पेज रिप्लेसमेंट कुठे बदलते? बरोबर आहे, आणि ती शिकवलीच पाहिजेत. पण तेवढ्यावर थांबले तर मशिनच्या आत खरे काय चालते ते बघायचेच राहून जाते.

सगळे कागद सतत ताजे ठेवा, असेही माझे म्हणणे नाही. ते कोणालाच झेपणार नाही. मॉरिस बाख यांचे युनिक्सवरचे १९८६चे पुस्तक आजही खोटे ठरलेले नाही, कारण आपण सिस्टिम फाइव्हबद्दल बोलतो आहोत हे ते सांगून टाकते. जॉन लायन्स यांनी तर सत्तरच्या दशकात युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा कोड आणि त्यावरचे भाष्य शेजारी शेजारी ठेवले. तोच धागा पकडून एमआयटीने २००६ मध्ये 'एक्सव्ही६' ही शिकवण्यापुरती लहान प्रणाली घडवली. २०१९ मध्ये ती नव्या प्रोसेसरवर, रिस्क-फाइव्हवर, नेली तेव्हा पाठ्यपुस्तकही सोबत बदलले. प्रणाली छोटी होती म्हणून ते जमले. कर्नल अवाढव्य आहे, तिथे निदान विधानाला आवृत्तीचा खिळा तरी मारता येतो.

गंमत अशी, की ही शिस्त आपल्या मुलांच्या अंगात आधीच आहे. पुणे विद्यापीठाचा अभ्यासक्रम २०१५, २०१९, २०२४ असा बदलत आला. जुने पुस्तक विकत घेताना पोरगा पहिला प्रश्न विचारतो, 'कोणत्या पॅटर्नचं?' कर्नलवरच्या नोट्स हातात घेताना मात्र तो हे विचारत नाही, कारण त्यांवर तसे काही लिहिलेलेच नसते.

सरांना आणि मॅडमना म्हणून एक विनंती. या सत्रात जर्नलच्या प्रत्येक प्रॅक्टिकलवर तारखेखाली आणखी एक ओळ ठेवा, हे कर्नलच्या कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिले याची. आणि एखाद्या मुलीने 'सर, हे चालत नाही' म्हटले, तर आधी कागद तपासा, मग तिचा कोड.