चाकांवरचे घर आणि चौघांचा सल्ला

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याला या दोन्ही गोष्टींचा चांगलाच चटका बसलेला असावा. गंमत अशी की ही म्हण सल्ला देते आणि त्याच दमात सल्ल्याचा निरुपयोगही सांगते. केल्यावाचून कळत नाही म्हटले, की विचारायचे तरी काय? तरीही घर करायला निघालेला मनुष्य दहा जणांना विचारतोच. त्याने काय विचारावे आणि दुसऱ्याने काय सांगावे, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही.

एका कादंबरीच्या निमित्ताने हल्ली मी एका निराळ्याच घराविषयी वाचीत आहे. अमेरिकेत शाळेच्या जुन्या बसगाड्या विकत घेऊन त्यांत संसार थाटणारी माणसे आहेत. तिथली शाळेची बस पिवळी. फ्रँक सायर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १९३९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एक परिषद भरविली आणि तीत या गाड्यांचे नियम व रंग ठरले. पहाटेच्या अंधुक उजेडातही पिवळ्यावरची काळी अक्षरे चटकन दिसतात, म्हणून पिवळा. पुढे गाडी शाळेच्या कामातून निघते, लिलावात जाते आणि एखादे हौशी जोडपे ती घरी आणते. मग बाके उपसायची, भिंतींत ऊब धरणारे अस्तर घालायचे, चूल, मोरी, बिछाना बसवायचा. आणि बहुतेक राज्यांत तो पिवळा रंगही पुसायचा, कारण आता ही शाळेची गाडी राहिली नाही.

या मंडळींतल्या नवख्यांनी अनुभवी लोकांना विचारलेले प्रश्न वाचताना मला माझा वर्ग आठवत राहिला. प्रश्न तीन जातींचे असतात. पहिला ज्ञानाचा : बाकांचे गंजलेले बोल्ट कसे काढावेत? दुसरा निर्णयाचा : लांब गाडी घ्यावी की आखूड? तिसरा प्रश्न शब्दांत क्वचितच येतो, पण पहिल्या दोहोंच्या पाठीमागे उभा असतो : मला हे जमेल ना? गणित निम्मे सोडवून 'गुरुजी, बरोबर आहे का?' म्हणून पाटी पुढे करणाऱ्या मुलाला उत्तर नको असते. त्याला धीर हवा असतो.

ज्ञानाच्या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर द्यावे. या घरांतले सर्वांत मोलाचे ज्ञान पायाखाली असते. बसच्या तळाशी पोलादी पत्रा, वर लाकडी फळ्या, त्यांवर रबरी आच्छादन. बाकांच्या बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपते. बर्फाळ प्रदेशात रस्त्यावर टाकलेले मीठ खालून पत्रा खाते. वरून सारे ठाकठीक. नवखा विचारतो, या जमिनीवरच नवी फरशी घातली तर चालेल का? जाणता सांगतो, आधी सगळी उचल. हे उत्तर कोणालाच आवडत नाही, कारण त्याने महिनाभराचे काम वाढते. पण गंज झाकला म्हणून थांबत नाही.

धोक्याच्या बाबतीत तर विचारण्याचीही वाट पाहू नये. कोणी मागच्या संकटकाळच्या दाराला लागून भिंतीसारखा पलंग बांधतो. कोणी बंद गाडीत शेगडी पेटवून झोपायचा बेत करतो. आग लागली तर दुसरी वाट हवी आणि जळणाचा विषारी वायू वासाने ओळखू येत नाही, हे अशा वेळी स्पष्ट सांगितलेच पाहिजे. तिथे भिडेखातर गप्प बसणे हा सभ्यपणा नव्हे.

खरी अडचण येते ती निर्णयाच्या प्रश्नाशी. 'भाड्याचे घर सोडून बसमध्ये राहायला जावे का?' हा प्रश्न दोघे जण अगदी त्याच शब्दांत विचारतात. एकाच्या गाठीला पैसा आहे, परतायला जागा आहे. त्याला दोन वर्षे देश पाहायचा आहे. दुसऱ्याला घरभाडे झेपत नाही; उरलीसुरली पुंजी घालून तो डोक्यावर छप्पर शोधतो आहे. अमेरिकेत अशी माणसे थोडी नाहीत. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली 'नोमॅडलँड' या पुस्तकात गाड्यांतून राहून हंगामी कामे करीत फिरणाऱ्या वयस्कर लोकांचे जिणे मांडले. पहिल्याचा बेत फसला तर एक गोष्ट सांगायला मिळेल. दुसऱ्याचा फसला तर लेकरे उघड्यावर पडतील. मग दोघांना एकच उत्तर कसे द्यावे? 'घ्या उडी, बघू पुढचे पुढे' हे वाक्य पहिल्याला उत्तेजन आहे आणि दुसऱ्याला दगा. म्हणून निर्णय विचारणाऱ्याला आधी आपणच विचारावे : बाबा रे, फसले तर परत कुठे जाशील?

वाचकहो, हा प्रश्न अमेरिकेतलाच नाही. याच दिवसांत आपल्या घरोघर फराळाला पाहुणे येतात, चिवड्याची बशी हातात घेतात आणि दहावीच्या मुलाला विचारतात, "काय रे, पुढे काय?" त्याने तोंड उघडण्यापूर्वीच काका सायन्स सांगतात, मावशी कॉमर्स सांगते. बशी रिकामी होते, पाहुणे निघून जातात आणि त्या सल्ल्यात पुढची चाळीस वर्षे मुलाला राहावे लागते. सल्ला देणारा त्या बसमध्ये कधीच झोपत नाही. सल्ल्यातली नैतिक गोम नेमकी हीच आहे : बोलणे एकाचे, भोगणे दुसऱ्याचे. ज्याला भोगायचे नाही, त्याने माहिती हात राखून देऊ नये. पण निर्णयाला हात लावू नये. अठरा अध्याय ऐकविल्यावर भगवंतानेही अर्जुनाला, नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर, असेच सांगितले. तो सारथी तर रणात बरोबर होता. आपण फराळाचे पाहुणे!

मागणाऱ्याकडेही काही देणे लागते. पुष्कळदा आपण सल्ला मागतो तो उद्या दोष ठेवायला एक माणूस जवळ असावा म्हणून. 'तुम्हीच म्हणालात ना!' हे वाक्य ज्याने मनात आधीच लिहून ठेवले आहे, त्याने विचारूच नये. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असे आपण म्हणतो; त्यातला 'करावे' हा शब्द अर्थात केल्याचे निस्तरण्यालाही बांधलेला आहे.

आणि धीर मागणाऱ्या त्या तिसऱ्या प्रश्नाचे काय? त्याला 'जमेल' म्हणणे खोटे ठरेल आणि 'जमणार नाही' म्हणणे क्रूर. मला वाटते, त्याच्याशेजारी बसून पहिला बोल्ट काढायला मदत करावी. तो निघाला की पुढचे त्याचे त्याला उमगू लागते.