भरपाईची वेळ

२१ नोव्हेंबर २०२२ या दिवशी संध्याकाळी माझ्या घरी भात करपला. कतारमधल्या विश्वचषकातला इंग्लंड आणि इराण यांचा सामना आपल्याकडे साडेसहाला सुरू झाला होता. माझा भाचा आणि त्याचा कोल्हापूरचा मित्र टीव्हीसमोर ठाण मांडून बसले होते. सव्वासातला मध्यंतर होईल, तेव्हा उठू, अशा हिशेबाने मी मंद आचेवर भात ठेवून त्यांच्यात येऊन बसले. पंचेचाळीस मिनिटं झाली आणि चौथ्या पंचाने फलक वर धरला. त्यावर आकडा होता १४.

"मावशी, ह्यांनी दुसरी मॅच सुरू केली की काय?" कोल्हापूरचा मित्र म्हणाला.

भाच्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सुरुवातीलाच इराणचा गोलरक्षक अलीरेझा बैरानवंद आणि त्याचाच एक सहकारी यांची जोरात टक्कर झाली होती. बैरानवंदवर मैदानातच बराच वेळ उपचार झाले, तो पुन्हा उभा राहिला, थोडा खेळला, पुन्हा आडवा झाला आणि शेवटी त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. "जेवढा वेळ गेला तेवढा परत दिला, यात चुकलं काय?" भाच्याने विचारलं. तो इंजिनियर आहे. बेरीज जुळली की न्याय झाला, असं त्याला वाटतं. फिफाच्या पंच समितीचे प्रमुख पिएरलुइजी कोलिना यांनीही स्पर्धेआधी तेच सांगितलं होतं, की या वेळी वाया गेलेल्या मिनिटांचा हिशेब काटेकोर ठेवला जाईल. उत्तरार्धही नव्वदीच्या पुढे तेरा मिनिटं चालला. भाताचं पातेलं मी रात्री भिजत टाकलं.

मी अनुवादाचं काम करते, त्यामुळे माझं लक्ष शब्दाकडे गेलं. इंग्रजीत या वाढीव मिनिटांना पूर्वी 'इंज्युरी टाइम' म्हणत, आता 'स्टॉपेज टाइम' किंवा 'ॲडेड टाइम' म्हणतात. पहिल्यात दुखापत आहे, दुसऱ्यात थांबणं आहे, तिसऱ्यात नुसती बेरीज आहे. आपल्या वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर मात्र 'भरपाई वेळ' असं छापून येतं. हा शब्द पहिल्यांदा कोणत्या उपसंपादकाने रात्रीच्या घाईत योजला असेल कोण जाणे, पण त्याने त्यात न्यायाचा अख्खा प्रश्न आणून ठेवला. मराठी माणसाच्या कानावर भरपाई हा शब्द येतो तो अवकाळी पावसानंतर, धरणात गाव गेल्यानंतर, एसटीच्या अपघातानंतर. भरपाई म्हटलं की कोणाचं तरी काहीतरी गेलेलं असतं, कोणीतरी देणं लागत असतं, आणि मध्ये पंचनामा असतो. फुटबॉलमध्येही मध्ये पंच असतोच. तो मनगटावरच्या घड्याळात बघून सांगतो, नुकसान एवढं.

फुटबॉलच्या नियमावलीतला सातवा नियम या पंचनाम्याचा आहे. बदली खेळाडू येणं, जखमी खेळाडूची तपासणी, कार्डं दाखवणं, मुद्दाम काढलेला वेळ, गोलनंतरचा जल्लोष, व्हिडिओ तपासणी या सगळ्यांत गेलेला वेळ धरायचा. चेंडू बाहेर गेला आणि थ्रो-इन घ्यायला सात-आठ सेकंद लागले, तर तो खेळाचाच भाग. त्यामुळे नव्वद मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण ५५ ते ६० मिनिटं. मग बास्केटबॉलसारखं घड्याळच का थांबवत नाही? नियम करणाऱ्या मंडळाने २०१७ साली तीस-तीस मिनिटांच्या दोन डावांची कल्पना चर्चेला ठेवलीही होती. ती पुढे गेली नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. फुटबॉलचं घड्याळ आपल्या सगळ्यांच्या घड्याळासारखं आहे. कोणी पडलं, रडलं, रक्त आलं तरी ते चालतच राहतं. हिशेब नंतर.

पण हिशेब कोणाच्या खात्यावर? माझं घोडं इथे अडलं. एक संघ एका गोलने पुढे आहे, त्याचा खेळाडू पोटरी धरून दोन मिनिटं लोळतो. पंच ती दोन मिनिटं शेवटी वाढवून देतो. ती फक्त पिछाडीवरच्या संघाला मिळत नाहीत, दोघांनाही मिळतात. ज्याने वेळ खाल्ला तोच त्या भरपाईत दुसरा गोल मारून मोकळा होऊ शकतो. शिवाय साठाव्या मिनिटाला चढाई रंगात आलेली असताना गेलेली दोन मिनिटं आणि पाय गळून गेल्यावर मिळालेली दोन मिनिटं एकाच मापाची असली तरी एकच वस्तू नव्हेत. आणि त्या सामन्यात तर बैरानवंदच्या डोक्याला लागल्यामुळे गेलेला वेळ मैदानावरच्या सगळ्यांना परत मिळाला. उत्तरार्धाच्या अगदी शेवटी इराणने पेनल्टीवर आपला दुसरा गोलही केला. फक्त बैरानवंद तेव्हा मैदानात नव्हता.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, नियम संघासाठी असतात. एकेका माणसाचा हिशेब कोण ठेवणार?"

तो तसं म्हणाला खरा, पण एकेका माणसाचा हिशेब फुटबॉलचे चाहते जितका ठेवतात तितका सावकारही ठेवत नसेल. पाच मिनिटांत त्या दोघांची गाडी हॅरी केनवर गेली. २०१८च्या विश्वचषकात सर्वाधिक गोल केलेल्या केनने त्या संध्याकाळी दोन गोलांचे पास दिले, स्वतः एकही गोल केला नाही. लगेच चर्चा सुरू: फॉर्म गेला का?

'फॉर्म' हा शब्द मला कधीच मराठीत आणता आला नाही. स्ट्रायकरचं 'आघाडीपटू' तरी होतं, जरी माझ्या पिढीला स्ट्रायकर म्हटलं की अजून कॅरमबोर्डच दिसत असला तरी. फॉर्मला आपल्याकडे क्रिकेटच्या समालोचनातून 'सूर' आला. फलंदाजाला सूर गवसतो, त्याचा सूर हरवतो. हा अनुवाद मूळ शब्दापेक्षा दयाळू आहे. हरवलेला सूर शोधणाऱ्या गायकावर आपण चिडत नाही, डोळे मिटून वाट बघतो. फॉर्म गेलेल्या खेळाडूकडे मात्र आपण डोळे वटारून बघतो, जणू त्याने तो मुद्दाम कुठेतरी दडवून ठेवला आहे.

भाचा लिव्हरपूलचा, मित्र चेल्सीचा. त्यामुळे बोलणं अपरिहार्यपणे फर्नांडो टोरेसवर आलं. ३१ जानेवारी २०११ला, हिवाळी बदल्यांच्या शेवटच्या दिवशी, टोरेस लिव्हरपूल सोडून चेल्सीत गेला. किंमत ५ कोटी पौंड, तोवर ब्रिटनमध्ये कोणत्याही क्लबने मोजलेली सर्वांत मोठी. लिव्हरपूलच्या चाहत्यांनी त्याच्या नावाच्या जर्सी जाळल्या. माझा भाचा तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याच्याकडे ९ नंबरची लाल जर्सी होती. नाशिकच्या घरात काही जाळायची मुभा नव्हती, म्हणून त्याने काळ्या मार्करने पाठीवरचं नाव खोडलं आणि आईला सांगितलं, हिचं काहीही कर. माझ्या बहिणीने ती फरशी पुसायला घेतली.

चेल्सीत टोरेसला गोल होईना. चाहते आणि वर्तमानपत्रं मिनिटं मोजू लागली. २३ एप्रिलला वेस्ट हॅमविरुद्ध, पाणी साचलेल्या मैदानावर, चिखलात अडकलेल्या चेंडूवर त्याने पहिला गोल केला तेव्हा तो आकडा ९०३ मिनिटांवर गेला होता. नऊशे तीन! सामन्यातला जखमी माणूस उठेपर्यंत गेलेली मिनिटं आपण सगळ्यांना वाढवून देतो. टोरेसच्या गुडघ्यावर २०१०मध्ये दोनदा शस्त्रक्रिया झाली होती. त्या नऊशे तीन मिनिटांतून कोणी एक मिनिटही वजा केलं नाही. इथे इंज्युरी टाइम नव्हता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध त्याने गोलरक्षकाला चकवलं, समोर मोकळं गोलजाळं होतं, आणि चेंडू बाहेर मारला. ती चूक आजही लोक एकमेकांना दाखवतात. त्याच सामन्यात त्याने एक देखणा गोल केला होता, तो कोणी दाखवत नाही. मित्राला मी हे विचारलं तर तो म्हणाला, "मावशी, पाच कोटी मोजल्यावर माणूस गोलच बघणार की." त्याच्या कोल्हापुरात संघ तालमींचे असतात, पेठेतली पोरं पेठेच्या तालमीकडून खेळतात आणि समोरच्या तालमीविरुद्ध शाहू स्टेडियमवर जीव टाकतात. तिथे गोल हुकला तर घरी जाताना चौकात ऐकून घ्यावं लागतं. पण चौकात ऐकवणाऱ्याला त्या पोराचा बाप ठाऊक असतो, गेल्या महिन्यात त्याचा पाय मुरगळला होता हेही ठाऊक असतं. टोरेसचं ऐकवणाऱ्या लाखो लोकांना फक्त किंमत ठाऊक होती.

मला हे टोचण्याचं कारण थोडं खाजगी आहे. मध्यंतरी जवळजवळ दोन वर्षं माझ्याकडून धड एक पान अनुवाद झाला नाही. शब्द येत, वाक्य उभं राहत नसे. पण माझं काम कोणी स्टेडियममध्ये बसून बघत नाही, त्यामुळे ती मिनिटं कोणी मोजली नाहीत. प्रकाशकाने दोनदा मुदत वाढवली, तिसऱ्यांदा विचारलंच नाही. ती मुदतवाढ ही भरपाई नव्हती, माझं कोणी काही देणं लागत नव्हतं. नुसतं कोणी घड्याळाकडे बघत नव्हतं, एवढंच. त्यातून मी बाहेर कशी आले ते मला सांगता येत नाही, आणि टोरेसलाही सांगता आलं असतं असं वाटत नाही.

बदल्यांच्या बाजारात खेळाडूला एवढा भाव आणि एवढा जाच एकदमच आला, आणि त्याची एक वाट बेल्जियममधून जाते. झाँ-मार्क बोस्मन हा लिएजच्या क्लबचा साधा मध्यरक्षक. १९९०मध्ये त्याचा करार संपला. क्लबने पुढच्या करारात पगार मोठ्या प्रमाणात कमी केला. फ्रान्समधल्या डंकर्कच्या क्लबला तो हवा होता, पण लिएजने बदलीची रक्कम मागितली आणि व्यवहार फिसकटला. करार संपला तरी माणूस क्लबच्या ताब्यात, अशी तेव्हाची रीत होती. बोस्मन कोर्टात गेला. कोर्टात गेलेल्या माणसाचा वेळ कसा जातो हे मराठी वाचकाला सांगायला नको. युरोपीय न्यायालयाचा निकाल लागला १५ डिसेंबर १९९५ला. तो जिंकला. करार संपलेला खेळाडू युरोपीय संघात फुकट दुसरीकडे जाऊ शकेल, असं ठरलं, आणि तिथून खेळाडूंच्या मिळकतीची गणितं बदलली. पण बोस्मन तोवर एकतीस वर्षांचा झाला होता. खेळण्याची उमेदीची वर्षं तारखांमध्ये गेली. पुढे त्याला नुकसानभरपाई म्हणून पैसे मिळाले, ते टिकले नाहीत, आणि नंतरच्या आयुष्यात त्याची बरीच परवड झाली. इथेही बैरानवंदसारखंच. त्याच्या पाच वर्षांची भरपाई झाली, दुसऱ्यांच्या खात्यावर.

"मग काय, निकाल द्यायचाच नव्हता?" भाच्याने विचारलं. द्यायलाच हवा होता. मी त्याच्या बेरजेच्या विरोधात नाही. ज्या पंचाला घड्याळ बघावंसंच वाटत नाही, त्याच्यापेक्षा चौदा मिनिटं दाखवणारा पंच मला परवडेल, भात करपला तरी. नुसत्या काटेकोरपणाचं काय होतं तेही दिसतं म्हणा. १९७८च्या विश्वचषकात ब्राझील आणि स्वीडन १-१ बरोबरीत होते, शेवटच्या क्षणी ब्राझीलला कॉर्नर मिळाला, चेंडू हवेत असताना वेल्सचे पंच क्लाइव्ह थॉमस यांनी शिट्टी वाजवली आणि झिकोने डोक्याने मारलेला गोल बाद ठरला. वेळ संपल्यावर फक्त पेनल्टी पुरी करू देतात, कॉर्नर नाही. थॉमस नियमाने बरोबर होते. पण मग कॉर्नर घेऊ तरी का दिला, याचं उत्तर घड्याळात मिळत नाही.

टोरेसच्या खात्यात शेवटी एक भरपाई आली, तीही खऱ्या भरपाई वेळेत. २४ एप्रिल २०१२, चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, बार्सिलोनाचं मैदान, दहाच खेळाडूंवर आलेली चेल्सी बचाव करून थकलेली. नव्वद मिनिटं उलटून गेल्यावर बदली म्हणून आलेला टोरेस निम्मं मैदान एकटा पळत गेला, गोलरक्षकाला वळसा घातला आणि या वेळी मोकळ्या जाळ्यात चेंडू मारला. पाच कोटी वसूल झाले, असं मित्र अजूनही म्हणतो. खरं तर बाहेरच्या मैदानावरच्या गोलच्या नियमाने चेल्सी त्याआधीच पुढे जात होती. त्या गोलची गरज नव्हती. मला तो त्यामुळेच आवडतो, पण मित्राला हे पटत नाही.

भाच्याला वेगळं आठवतं. २९ मार्च २०१५ला लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर मदतनिधीसाठी एक सामना झाला. स्टीव्हन जेरार्डच्या संघातून टोरेस खेळला. जिंकलं-हरलं तरी कोणाचं काही बिघडणार नव्हतं, बदलीची रक्कम नव्हती, मिनिटं कोणी मोजत नव्हतं. चार वर्षांपूर्वी जर्सी जाळणाऱ्यांच्या त्याच गॅलरीतून टाळ्या आणि गाणी आली. भाचा तेव्हा पंधरा वर्षांचा. त्याने नाशिकच्या घरातून मला फोन केला आणि म्हणाला, "मावशी, आईला विचार ना, ती लाल जर्सी आहे का अजून."

मी बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "अगं, ती कधीच विरली. आता दुसरा कपडा घेतलाय फरशीला."